ते राहूनच गेलं...

गेल्या पीएलमध्ये आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर एक यादी फिरत होती. 'मरताना माणसाला कोणत्या पाच गोष्टींचा पश्चात्ताप होतो?' मागे मावळता सूर्य, खडकावर पाठमोरा बसलेला एक माणूस. वीस मिनिटांत एकोणीस अंगठे आले. दोघांनी ती स्टेटसला लावली. एकाने 'डीप यार' असं लिहिलं. मग मेसमध्ये पुन्हा वांग्याची भाजी आहे अशी खबर आली, त्यावर चर्चा पेटली, आणि ती यादी वर सरकत सरकत दिसेनाशी झाली.

अंगठा मीही दिला होता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्या यादीतली चौथी ओळ माझ्या काकांची होती, आणि ती पुसून टाकायची संधी माझ्या हातात होती. मी ती घालवली. म्हणून हा लेख. उपदेश करण्याइतका मी मोठा नाही, दोन केट्या अजून नावावर आहेत. तरीही शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती!

आधी त्या यादीविषयी. ब्रॉनी वेअर नावाच्या एक ऑस्ट्रेलियन बाई आहेत. ज्यांचे शेवटचे काही आठवडेच उरलेत अशा रुग्णांची त्या घरी राहून शुश्रूषा करायच्या. रात्री-अपरात्री ही माणसं त्यांच्याशी बोलायची. त्या बोलण्यात तेच तेच सूर येतात हे बाईंच्या लक्षात आलं. २००९ मध्ये त्यांनी त्यावर एक छोटा लेख लिहिला आणि २०११ मध्ये पुस्तक. त्यातल्या पाच गोष्टी माझ्या शब्दांत सांगायच्या तर अशा. पहिली, लोकांना हवं तसं जगलो, स्वतःला हवं तसं जगायची हिंमत झाली नाही. दुसरी, कामात फार गुंतून गेलो. तिसरी, मनातलं बोललो नाही. चौथी, मित्रांना धरून ठेवलं नाही. आणि पाचवी, आनंदात राहता आलं असतं तेव्हाही राहिलो नाही. बस्स, एवढंच!

आता आपण इंजिनिअर मंडळी, म्हणून आधी डेटा तपासू. हा काही शास्त्रीय सर्व्हे नाही. किती माणसं, कोणत्या थरातली, प्रश्न काय विचारले, असं काही यात मोजलेलं नाही. एका बाईने कानांनी ऐकलेलं आणि आठवून लिहिलेलं, एवढंच त्याचं स्वरूप. आणि माणसं ऑस्ट्रेलियातली. म्हणजे आपल्या व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं असतं, "हे बोईसरला लागू होतं का?" तर आपली बोबडीच वळली असती.

नेमका हाच प्रश्न मला पडला होता. आणि उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

पालघरहून डहाणूकडे निघालं की उमरोळी आणि मग बोईसर. आपल्यातले कितीतरी जण तिथे इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलेत, इनप्लांट ट्रेनिंगला गेलेत, आणि नोकरीही तिथेच शोधणार आहेत. तारापूरचं नाव जगाला माहीत आहे ते अणुवीज केंद्रामुळे. देशातलं ते पहिलं, १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं. पण सकाळी सातला बोईसर स्टेशनच्या बाहेर उभे राहा, तुम्हाला दुसरं तारापूर दिसेल. एमआयडीसीचं! हातात डबा, पायात सेफ्टी शूज, गळ्यात गेटपास, आणि शेअर रिक्षात दाटीवाटीने बसलेली माणसं. कुणी खानदेशातलं, कुणी मराठवाड्यातलं, कुणी यूपी-बिहारचं, कुणी ओडिशाचं.

माझे काका १९९४ साली याच गर्दीत सामील झाले. जळगाव जिल्ह्यातली कोरडवाहू जमीन, दोन भाऊ, त्यातल्या एकाला बाहेर पडणं भाग होतं. माझे बाबा थोरले, ते शेतीवर राहिले. काका बोईसरला आले आणि एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून चिकटले. पुढे ऑपरेटर झाले. दहा बाय दहाची खोली, चार माणसं आणि गाद्या दोन! दोघं डे पाळीला गेले की नाईटवाले दोघं येऊन झोपायचे. गादी कधी गार पडायची नाही, असं काका हसून सांगायचे. त्यांच्या गादीचा दुसरा भागीदार सोलापूरकडचा होता. काका त्याला नेहमी 'पार्टनर' म्हणायचे. मीही तसंच म्हणतो.

पालघरला मला ॲडमिशन मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद काकांना झाला. "आता घरचं माणूस दोन स्टेशनांवर," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. हॉस्टेलचं पहिल्या वर्षाचं डिपॉझिटही त्यांनीच भरलं. मी महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जेवायला जायचो. काकूंच्या हातची शेवभाजी आणि कळण्याची भाकरी! मेसला कंटाळलेल्या पोराला आणखी काय हवं?

दीड वर्षापूर्वी, ऑगस्टमध्ये, काकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं कळलं. उशिरा कळलं. डहाणू लोकलने विरार, तिथून दादर आणि मग परळचं टाटा हॉस्पिटल, अशा आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. चुलतभाऊ पुण्याला नोकरीला, त्यामुळे बऱ्याचदा सोबत मीच असायचो. ऑपरेशन होण्यासारखं नाही, दुखणं कमी ठेवू, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. फेऱ्यांचा त्रास नको म्हणून काही दिवस आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. गावोगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. आपल्यापैकी कुणी तिथे कधी गेला नसेल तर एकदा जाऊन या.

संध्याकाळी तिथल्या व्हरांड्यात माणसं बोलत बसायची. मी कान देऊन ऐकायचो. मला वाटायचं, मरणाच्या दारातली माणसं म्हणजे काहीतरी भव्य बोलत असतील. तसं काही नव्हतं. एक आजोबा सांगत होते की धाकट्या भावाशी बांधावरून बोलणं बंद आहे आणि आता बांध कुठे न्यायचाय! एक बाई सुनेसाठी बांगड्या करायच्या राहिल्या म्हणून हळहळत होत्या. एकाला नुसतं एवढंच वाटत होतं की वडील होते तेव्हा त्यांना एकदा पंढरपूरला न्यायला हवं होतं. 'मला गिटारिस्ट व्हायचं होतं' असं कुणीच म्हणालं नाही. सगळ्यांच्या राहून गेलेल्या गोष्टी लहान होत्या. एका दिवसात उरकण्यासारख्या.

काकांचंही तसंच. बोईसरला परत आल्यावर रात्री त्यांना झोप यायची नाही. गॅलरीत खुर्ची टाकून ते बसायचे, समोर एमआयडीसीचे दिवे. त्या रात्रींत त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या.

"बेटा, चिंचणीचा समुद्र इथून रिक्षाने अर्ध्या तासावर. तीस वर्षांत किती वेळा गेलो असेन? चार वेळा. त्यातही दोनदा पाहुणे आले होते म्हणून."

दुसरी, "तुझ्या ताईची शाळा मी आतून पाहिलीच नाही. गॅदरिंग असलं की माझी सेकंड असायची."

आणि तिसरी, पार्टनरची. २००७ साली पार्टनरच्या बहिणीच्या लग्नाला काकांनी पाच हजार रुपये दिले होते. परत द्यायला उशीर झाला. एका संध्याकाळी पानटपरीवर चार लोकांत काका त्याला नको ते बोलले. पार्टनरने काही न बोलता सायकल काढली आणि गेला. त्यानंतर बोलणं नाही. पुढे पार्टनरने कंपनी सोडली, कुठे गेला कळलं नाही. तेरा वर्षं एका गादीवर झोपलेली माणसं!

"शोधशील का त्याला?" काकांनी विचारलं. तेव्हा दिवाळीची सुट्टी चालू होती.

मी म्हणालो, "हो काका. सबमिशन आणि ओरल्स झाल्या की लगेच."

आता थोडं थांबून त्या यादीकडे परत येतो, कारण मला तिच्याशी भांडायचं आहे. यादीतली दुसरी गोष्ट आहे, इतकं काम केलं नसतं तर बरं झालं असतं. वेअर बाई म्हणतात की त्यांच्याकडच्या झाडून सगळ्या पुरुषांनी हे बोलून दाखवलं. मी काकांना सरळ विचारलं, "काका, ओटी कमी केली असती तर बरं झालं असतं का?" काका माझ्याकडे बघतच राहिले. "आणि तुझ्या ताईची फी कोणी भरली असती? तुझ्या बाबांची विहीर कशी झाली असती?"

मला गप्प बसावं लागलं. माझं डिपॉझिटही त्या ओटीतूनच आलं होतं ना!

काकांच्या काळात लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर होता. कल्पना अशी की जादा काम महाग पडलं म्हणजे ते कमी करून घेतलं जाईल. पण ज्याचा मूळ पगारच तोकडा, त्याला ओटी ही शिक्षा वाटत नाही. त्याला ती पर्वणी वाटते! ओटीसाठी नावं विचारली की काकांचा हात पहिला वर. पहिली नऊ वर्षं तर ते कंत्राटी होते. आज नाही म्हटलं तर उद्या गेटवर नाव असेल याची खात्री नाही. अशा माणसाला 'काम आणि आयुष्य यांचा समतोल साधा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

नील रोझ आणि एमी समरव्हिल या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक काम केलं. अमेरिकेत आधी झालेले बरेच अभ्यास त्यांनी एकत्र मांडले आणि लोकांना आयुष्यात सगळ्यात जास्त खंत कशाची वाटते ते पाहिलं. पहिल्या नंबरवर आलं शिक्षण. त्याखाली करिअर, मग प्रेम. त्यांचं स्पष्टीकरण मला पटलं. जिथे संधीचं दार उघडं होतं, तिथलीच खंत जास्त टोचते. जे दार आपल्यासाठी कधी उघडंच नव्हतं, त्याबद्दल माणूस फारसा स्वतःला दोष देत नाही.

आपल्या मराठीत तर यासाठी वेगवेगळे शब्दच आहेत. केलेल्या चुकीचा होतो तो पश्चात्ताप. करता आलं असतं पण केलं नाही, त्याची लागते ती रुखरुख. आणि आपल्या हातात नव्हतंच, ते दुःख. तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवावी लागली. तिथल्या एखाद्या म्हातारीला आपला जुना किनारा आठवत असेल तर ती रुखरुख म्हणायची का? ते दुःख आहे, आणि त्याचा हिशोब तिने नाही, आपण सगळ्यांनी द्यायचा आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या या याद्या तिन्ही गोष्टी एकाच पिशवीत कोंबतात आणि वर म्हणतात, आनंदी राहा! ज्याला निवड करता येते त्यानेच ही यादी स्वतःला लावून बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मित्रांनो, निवड आपल्याला करता येते. आपली बारा तासांची पाळी अजून सुरू झालेली नाही.

आणि एक. काम हे काही आयुष्याचं शत्रू नाही. होमी भाभांचं उदाहरण घ्या. तारापूरची आखणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. २४ जानेवारी १९६६ ला आल्प्स पर्वतात विमान कोसळून ते गेले, वय अवघं ५६. तारापूरची वीज त्यांनी पाहिलीच नाही. म्हणजे केवढं मोठं काम अर्धवट राहिलं! पण हाच माणूस चित्रं काढायचा, पाश्चात्त्य संगीतात रमायचा, आणि बांधकामाच्या आड आलेली झाडं तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला सांगायचा. काम 'संपल्यावर' जगू, असं त्यांनी ठरवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. आपण मात्र अकरावीपासून तेच ठरवत आलोय. सीईटी होऊ दे मग. ॲडमिशन होऊ दे मग. प्लेसमेंट होऊ दे मग... किराणा दुकानात पाटी असते, 'आज रोख, उद्या उधार'. आपलं उलटं. आज सगळं उधार, आणि रोख कधीतरी उद्या!

तर, माझं सबमिशन. डिझाइनची शीट, प्रोजेक्टचा रिपोर्ट, सरांच्या सह्या. नोव्हेंबर असा गेला की कळलंच नाही. खोटं कशाला सांगू, त्या महिन्यात मी क्रिकेटच्या मॅचेस पाहिल्या, एका शनिवारी आम्ही सगळे केळव्याच्या बीचवर पण गेलो. म्हणजे वेळ नव्हता असं नाही. काकांचं काम 'मोठं' वाटत होतं. कुठून सुरुवात करायची, कुणाला विचारायचं, या विचारानेच मी ते पुढे ढकलत होतो. फोनवर काकूंकडे बोलताना मागून काकांचा आवाज यायचा, "काही लागला का पत्ता?" मी म्हणायचो, "बघतोय काका."

बघत नव्हतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काका गेले. माझी शेवटची ओरल त्याच्या तीन दिवस आधी झाली होती, आणि मी 'आता जरा झोप काढू' म्हणून हॉस्टेलवरच थांबलो होतो.

तेरावं झाल्यावर मी पार्टनरला शोधायला निघालो. कशासाठी ते माझं मलाही कळत नव्हतं. खैरापाड्याला काकांची जुनी खोली होती, तिच्या खालच्या चहावाल्याला विचारलं. त्याने दुधाचं पातेलं उतरवता उतरवता सांगितलं, "तो सोलापूरवाला ना? उमरोळीला असतो की. स्टेशनच्या पूर्वेला." चहासुद्धा पिऊन झाला नव्हता माझा. दोन महिने ज्याला मी 'मोठं काम' म्हणत होतो, ते एका कटिंग चहाचं होतं! आणि उमरोळी म्हणजे काकांकडे जाताना-येताना दर वेळी माझी गाडी जिथे थांबायची ते स्टेशन.

पार्टनर आता एका गोडाऊनवर वॉचमन आहेत. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितलं. काका गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे घेऊन गेलो होतो मी. दोन हजार नऊला. दोनदा गेलो. खोलीला कुलूप होतं. नाईट असेल त्याची. मग मलाच लाज वाटायला लागली."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझं काही नाव काढलं का त्याने?"

मी म्हणालो, "तुम्हाला शोधायला सांगितलं होतं मला."

"कधी?"

या 'कधी'चं उत्तर द्यायला मला जेवढं जड गेलं तेवढं कोणत्याही एक्स्टर्नलपुढे गेलं नाही. "दिवाळीत," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मला एक शब्द बोलले नाहीत. आत जाऊन चहा ठेवला. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक या संशोधकांचं एक निरीक्षण मी नंतर वाचलं. १९९५ सालचा त्यांचा पेपर आहे. नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा त्रास जास्त होतो, पण मागे वळून सगळ्या आयुष्याकडे पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त छळतात. कारणही त्यांनी दिलंय. केलेल्या चुकीवर आपण काहीतरी इलाज करतो. माफी मागतो, भरपाई करतो, निदान 'त्यातून शिकलो' असं म्हणून स्वतःची समजूत काढतो. न केलेल्या गोष्टीला असा इलाज नाही, आणि तिला शेवटही नाही. 'पार्टनर दिवाळीत भेटला असता तर...' या वाक्याच्या पुढे मी हवं तेवढं लिहू शकतो. दोघं गॅलरीत बसले असते. काकांनी पाच हजारांवरून चेष्टा केली असती. मी त्यांना चिंचणीला घेऊन गेलो असतो. ही यादी संपतच नाही.

काकांचं पार्टनरला बोलणं हा पश्चात्ताप होता, आणि तो त्यांना फेडायचा होता. माझं न शोधणं ही रुखरुख आहे. ती कुणाकडे फेडू?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आम्ही काय करायचं? इंजिनिअरिंग सोडून हिमालयात जायचं का? अजिबात नाही! 'स्वतःला हवं तसं जगा' हे वाक्य वाचून उद्या कुणी ब्रँच सोडायला निघाला तर आधी माझ्याकडे या, कटिंग पाजतो. आपल्यातल्या निम्म्यांना ब्रँच कॅप राउंडने दिलीय हे खरं. त्यावर विचार करा, घरी बोला, जरूर बोला. पण माझा मुद्दा त्याहून लहान आहे.

मेंटेनन्सच्या पेपरात आपण दोन प्रकार लिहितो. ब्रेकडाऊन मेंटेनन्स आणि प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. दुसऱ्या कुणाची मशीन का बिघडली याचा रिपोर्ट हातात आला की शहाणा इंजिनिअर आपल्या मशीनचं शेड्यूल बदलतो. वेअर बाईंची यादी काय किंवा धर्मशाळेचा व्हरांडा काय, तो फेल्युअर रिपोर्टच आहे. तो स्टेटसला लावायचा नसतो. त्यावरून आपलं शेड्यूल बदलायचं असतं.

माझ्यापुरतं मी तीन गोष्टी ठरवल्यात. एक, घरच्या फोनला 'नंतर बोलतो, आत्ता लेक्चर आहे' हे लेक्चर खरोखर असेल तेव्हाच म्हणायचं. दोन, कुणी माणसाचं काम सांगितलं तर ते मोठं आहे की लहान हे न ठरवता त्याच दिवशी त्याचं निदान पहिलं पाऊल टाकायचं. एक फोन, एक चौकशी. बहुतेक कामं तिथेच संपतात, हे मी खैरापाड्याच्या चहावाल्याकडे शिकलो. तीन, प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' विचारतात तेव्हा पॅकेजबरोबर पाळीचे तासही विचारायचे. उद्या आपण शिफ्ट इंजिनिअर झालो की पाळ्यांचा तक्ता आपल्याच हातात असेल. एखाद्या ऑपरेटरच्या मुलीचं गॅदरिंग असेल त्या दिवशी त्याची सेकंड फर्स्टला बदलून देणं, हे तर आपल्याला जमेल ना?

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. घरी कुणी आजारी आहे म्हणून एखादा मुलगा रजा मागायला आला तर त्याच्या अटेंडन्सचा आकडा नंतर बघा. आणि तो मागायलाच आला नाही, तर 'घरी सगळं ठीक ना रे?' एवढं विचारा. मला कुणी अडवलं नव्हतं, मीच गेलो नाही, हे मी आधीच कबूल केलंय. पण कुणी विचारलं असतं तर कदाचित गेलो असतो.

शांती अवेदना सदन नावाची एक संस्था वांद्र्याला आहे. १९८६ मध्ये सुरू झालेली, देशातली पहिली हॉस्पाइस, म्हणजे बरे न होणाऱ्या कॅन्सर पेशंटांची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा. मला एकच वाटतं, आपल्या प्रियजनांच्या मनातलं ऐकून घ्यायला शेवटाची वाट कशाला बघायची? ते आत्ताही बोलतात. फोनवर मागून त्यांचा आवाज येतच असतो.

आणि जाता जाता आपल्या हॉस्टेलविषयी. आपल्या खोल्याही जवळजवळ दहा बाय दहाच्याच आहेत. आपणही इथे चार वर्षं एकमेकांच्या उशाशी झोपतो. आणि आपल्याकडेही गोव्याच्या ट्रिपच्या पैशांवरून, प्रोजेक्टच्या ग्रुपवरून, कधी नुसत्या बादलीवरून बोलणं बंद झालेल्या जोड्या आहेत. कोण कोण, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातली एक जोडी माझी आहे. सेकंड इयरला माझा रूम पार्टनर होता, साडेआठशे रुपयांवरून आमचं बिनसलं. चूक कुणाची होती ते मला अजून नक्की सांगता येईल, पण त्याचा आता काय उपयोग? जूनमध्ये तो नांदेडला परत जाईल.

हा लेख छापून येईपर्यंत मी थांबणार नाही. आज रात्री मेस झाली की दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्याच्या खोलीचं दार वाजवणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. कुलूप असेल, तर उद्या पुन्हा जाईन.

तुमच्याही मजल्यावर असं एखादं दार असेल. बघा, पटतंय का!